बारा लाल रेघा

५ फेब्रुवारी
तळ्याकाठी

प्रिय खटक्या,

निघून अकरा दिवस झाले आणि मी अजून धडधाकट आहे, हे आधी तुझ्या बायकोला सांग. निरोपाच्या जेवणात तिने डोळे पुसले होते, ते माझ्या लक्षात आहे. 'पहिला दिवस मी सोबत येते, ताई,' म्हणे. शाळेची बस चालवते म्हणून काय झालं? बस वेगळी आणि घरगाडी वेगळी. तिला तसं तोंडावर सांगितलं, तुम्हा सगळ्यांना घरकोंबडे म्हटलं आणि दार लावून घेतलं. जरा जास्तच जोरात लावलं, पण ते असो.

तर घरकोंबड्यांनो, ऐका. समोर निळंशार तळं आहे, पलीकडे डोंगर आहेत, आणि मी आपल्या हत्तिणीएवढ्या गाडीच्या दारात खुर्ची टाकून चहा पिते आहे. तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला. फळ्यावर नद्या काढून काढून खडू संपवले, पण एकीचंही पाणी पायाला लागलं नव्हतं. ह्यांनी ही गाडी घेतली ती याच हौसेने, आणि पहिली मोठी फेरी व्हायच्या आत स्वतःच निघून गेले. आता त्यांच्या वाट्याचं पण मीच बघते आहे.

फोन तुझ्या कपाटात आहे, तिथेच राहू दे. पत्रं लिहीन म्हणाले होते, तर पत्रंच लिहिणार. तुझं उत्तर मोठ्या पुलाखालच्या ट्रक-तळावर, कँटीनच्या पत्त्यावर पाठव. जाताना त्या कँटीनवालीशी ओळख झाली. तिथून सगळीकडे ट्रक जातात, मी असेन तिथे कोणा ना कोणा ड्रायव्हरच्या हाती ती पत्र पोचवते. टपालानेच पाठव हं, स्वतः द्यायला जाऊ नकोस. तिथली कुत्री फार वाईट आहेत.

आता एक तक्रार, पण छोटी. तुझ्या बॅटऱ्या संध्याकाळ व्हायच्या आत मान टाकतात. काल फ्रिज बंद पडला आणि दूध नासलं. पंखा वारा घालतो की माझी कीव करतो तेच कळत नाही. तू लावलेल्या कंट्रोलरच्या डबीवर आकडा दिसतो ११.९. डोक्यावर तीन तीन पॅनेल तापून लाल होतायत, मग वीज जाते कुठे? माझं काही चुकत असेल तर सांग. एखादं बटण दाबायचं राहिलं असेल तर दाबते.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

वाकून नमस्कार. कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकलोय, गोड मानून घे.

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचून दाखवलं. तळ्याचं ऐकून म्हणाली, 'आपण निदान बाल्कनीत तरी खुर्ची टाकू.' टाकली. समोर शेजाऱ्यांच्या चड्ड्या वाळत होत्या.

पण ११.९ व्होल्ट वाचलं आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तीन पॅनेल, दोन बॅटऱ्या. खर्च काय, तर छोटा फ्रिज, चार दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप. गाडी उघड्यावर उभी असेल तर भर दुपारी आकडा चौदाच्या वर गेला पाहिजे आणि ऊन उतरल्यावर साडेबाराच्या खाली यायला नको. मी तीनदा मांडून बघितलं.

दोनच शक्यता आहेत. एक, सावली. तू लिहितेस पॅनेल तापतात, तर ताई, पॅनेल उष्णतेवर चालत नाही, उजेडावर चालतं. तापलं की उलट कमीच देतं. मी तिन्ही पॅनेल एकापुढे एक जोडली आहेत, म्हणजे त्यांच्यावर आडवी सावली पडली की तिघंही बसतात. डोक्यावर झाड असेल तर गाडी हलव.

दुसरी शक्यता लिहायला हात धजत नाही. जोड ढिला असणं. डबीचं झाकण उघड, आत बारा स्क्रू आहेत. प्रत्येकावर लाल रेघ आहे, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर आणि अर्धी खालच्या पट्टीवर. हिचं नेलपॉलिश आहे, हसू नकोस. आमच्यात स्क्रू पक्का आवळला की त्यावर रेघ मारतात. पुढे स्क्रू ढिला होऊन फिरला तर रेघेचे दोन तुकडे एका ओळीत राहत नाहीत, लांबूनसुद्धा कळतं. हात लावू नकोस, नुसतं बघ आणि कळव, बाराच्या बारा सरळ आहेत का.

हे लवकर कळव, ताई. त्या सभागृहाच्या प्रकरणानंतर साहेबांनी मला विजेच्या फिटिंगवरून काढून भांडारात बसवलं, ते तुला माहीत आहे. वर्षभर खिडकीत बसून लोकांना बल्ब देतोय. परवा साहेबांनी बोलावलं. एक एप्रिलपासून परत फिटिंगवर येणार का, मार्चच्या शेवटी सांग म्हणाले. तुझी गाडी हे त्या प्रकरणानंतरचं माझं पहिलं काम. ती नीट चालली तर हो म्हणायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलंय. दुसऱ्या कोणाला विचारण्यासारखं नाही, म्हणून गाडीलाच विचारतोय.

कामावर जाताना बस पुलावर आली की हल्ली डावीकडे बघतो, आपली पत्रं त्या तळावरून जातात म्हणून. तिथे कोणीतरी एक लांबलचक गाडी खाकी ताडपत्रीत गुंडाळून ठेवली आहे. पार चाकांपर्यंत. एवढ्या उन्हात बिचारी रजई घेऊन बसल्यासारखी दिसते. लोक हौसेने वस्तू घेतात आणि वापरायला घाबरतात.

तुझा,
खटक्या


२४ फेब्रुवारी
माळावर

प्रिय खटक्या,

तुझं पत्र पोचलं. मी आता तळं सोडून वर माळावर आले आहे. इथे वारा असा आहे की चहा बशीत ओतला की बशीतून उडतो. झाड औषधालाही नाही. दिवसभर लख्ख ऊन.

तू सांगितल्याप्रमाणे झाकण उघडलं. रेघा काही नीट दिसल्या नाहीत. चष्म्याचा नंबर बदलला असावा, आणि आत अंधार फार. त्या रेघांचं एवढं काय घेऊन बसलास? मी आता फ्रिज बंदच ठेवते. दूध लागतं कशाला, बिनदुधाचा चहा प्यायची सवय करते आहे. दिवाही लागत नाही, उजेड आहे तोवर जेवून घेते. माझं उत्तम चाललंय.

तू साहेबांना हो म्हणून टाक. माझ्या गाडीवर कशाला अडून राहतोस? तुझ्या हातात कला आहे, ती भांडारात बल्ब वाटण्यासाठी नाही.

भावजयीला सांग, काल घाटातून गाडी उतरवली. वळणावळणाचा रस्ता होता. एकदाही मागे घ्यावी लागली नाही.

ताई


३ मार्च

ताई,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू मला सांभाळून घेते आहेस.

तुझे डोळे कसे आहेत ते मला ठाऊक आहे. निघायच्या दिवसापर्यंत तू सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवत होतीस. लाल रेघ दिसली नाही म्हणतेस, म्हणजे रेघ तुटलेली दिसली आणि तुला ते सांगवत नाही. लहानपणी मी घरातला फ्यूज उडवला की तू असंच 'मला काय माहीत' म्हणायचीस.

आणि घाटाचं लिहिलंस ना, त्याने उरलासुरला संशयही गेला. गाडी चालते तेव्हा इंजिनाकडूनही बॅटऱ्या भरतात. ती तार मीच ओढली आहे. एवढा घाट चढून-उतरूनही बॅटऱ्या रिकाम्या, म्हणजे तोही जोड गेला. एक चूक असती तर नशिबाला बोल लावला असता. दोन दोन जोड ढिले म्हणजे हातच गेला.

आता तुला एक गोष्ट सांगतो. हिलाही सांगितलेली नाही. सभागृहातल्या विजेच्या पेटीत एक जोड ढिला राहिला, तापला, पडदा पेटला आणि तो विझवताना तिथल्या रखवालदाराचा उजवा हात भाजला. एवढं सगळ्यांना माहीत आहे. चौकशी झाली तेव्हा पेटीतल्या स्क्रूंवर लाल रेघा होत्या. साहेब म्हणाले, आवळले होते खरे, हादऱ्याने ढिले झाले असतील. मी मान हलवली.

हादऱ्याने नव्हे. त्या दिवशी चाळीस स्क्रू होते आणि मला लवकर निघायचं होतं. मी रेघा आधी मारून घेतल्या. सगळ्या एकदम, ओळीने, आणि मग आवळत गेलो. मध्ये कोणीतरी हाक मारली. परत आलो तेव्हा कुठवर आलो होतो ते आठवेना, आणि सगळीकडे लाल रेघा दिसत होत्या. मला वाटलं, झालं असेल. झाकण लावलं आणि गेलो.

तो रखवालदार अजून भांडाराच्या खिडकीशी येतो. बल्ब डाव्या हाताने घेतो. मला 'कसे आहात' विचारतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, वहीत बघून 'सही करा' म्हणतो. आणि सही करायला त्याला वेळ लागतो, ताई.

तुझ्या गाडीत मी एकेक स्क्रू आवळून मगच रेघ मारली होती, देवाशपथ. पण आता मला तेही आठवतं तसंच झालं का, ते सांगता येत नाही. मी साहेबांना नाही म्हणणार आहे. बल्ब द्यायला चुकलो तर कोणी भाजत नाही.

तुझा,
भाऊ


१० मार्च

खटक्या,

घाईत लिहिते आहे, ड्रायव्हर खोळंबला आहे. तू काही म्हणजे काही कळवू नकोस साहेबांना. बॅटरीचं काय, इकडे ढग फार आहेत. गेले कित्येक दिवस सूर्यच नाही, मग पॅनेल तरी काय करणार? तुझी काही चूक नाही. मी सांगते ना.

रखवालदाराचं वाचून मला रडू आलं. तू वाईट नाहीस रे.

ताई


१५ मार्च

ताई,

मागच्या पत्रात लख्ख ऊन होतं आणि या पत्रात 'कित्येक दिवस' ढग. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. मला आणखी लाज वाटते. मी पन्नाशी ओलांडली आहे, माझी चूक मला कोणी पदराखाली झाकून द्यायला नको.

आता मी सांगतो ते ऐक. ढिला जोड नुसता वीज खात नाही, तापतो. तुझ्या पलंगाच्या बरोबर खाली त्या बॅटऱ्या आहेत. मीच म्हणालो होतो, तिथे जागा चांगली आहे. गाव असेल तिथे थांब, कुठल्याही चांगल्या इलेक्ट्रिशियनला गाठ आणि त्याला सगळे जोड बघायला सांग. तोवर गाडीत झोपू नकोस. कोणाच्याही घरी झोप, देवळात, शाळेत, कुठेही. समोर ताट येतं आणि मला तो पडदा दिसतो, फक्त तिथे रखवालदार नसतो, तू असतेस. ताट बाजूला सारतो. ही विचारते, काय झालं, आणि मी म्हणतो, मीठ जास्त आहे. ती बिचारी दोन दिवस अळणी करते आहे.

साहेबांना द्यायचा अर्ज लिहून ठेवला आहे. फिटिंगचं काम मला झेपणार नाही, कायमचं भांडारात ठेवावं. सोमवारी, पंचवीस तारखेला देतो. दिला की निदान हा विषय संपेल.

भाऊ


१९ मार्च
ट्रक-तळ, मोठ्या पुलाखाली

खटक्या,

हे पत्र कोणा ड्रायव्हरच्या हाती लांब नेऊन टाकायला दिलेलं नाही. पुलाच्या पायथ्याशी जी टपालपेटी आहे तिच्यात मी स्वतः टाकते आहे. वरचा पत्ता खरा आहे. आधीचे सगळे खोटे होते.

तू रोज बसमधून जी गुंडाळलेली गाडी बघतोस, तिच्यात मी राहते. पहिल्या दिवसापासून. तळं नाही, माळ नाही, घाट नाही. मी नऊ किलोमीटर आले.

पहिल्या पेट्रोल पंपावर गाडी मागे घ्यावी लागली. आयुष्यभर मागे घ्यायचं काम ह्यांनी केलं, मी खाली उभी राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायची. तिथे 'येऊ द्या' म्हणणारं कोणी नव्हतं. मी हवा भरायच्या खांबाला धडक दिली. खांब वाकला. मागे सात-आठ ट्रक खोळंबले, सगळ्यांनी भोंगे धरले. मला गाडी पुढे घेता येईना की मागे. शेवटी एका ड्रायव्हरने दार उघडलं, 'आजी, सरका' म्हणाला आणि गाडी इथे तळावर आणून लावली. आजी म्हणाला ते लागलं नाही. उतरल्यावर मला कपडे बदलावे लागले, एवढं लिहिते, बाकीचं समज. मी आजवर कोणासमोर कधी इतकी खाली गेले नव्हते. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

परत येता आलं असतं. नऊ किलोमीटर तर होते. पण तुम्हाला सगळ्यांना घरकोंबडे म्हणून निघालेली बाई दुसऱ्या दिवशी दाराशी उभी राहिली असती तर तुम्ही काय म्हणाला असतात? काही म्हणाला नसतात, ते मला ठाऊक आहे. तुझ्या बायकोने चहा केला असता. मला तो चहाच नको होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर बघितलं तर पुलावर बस, आणि खिडकीत तू. तुझ्या हातची तीन पॅनेल गाडीच्या टपावर चकाकत होती. तू आपलं काम लाखात ओळखशील. मी धावत कँटीनवालीकडे गेले आणि तिच्याकडची सगळ्यात मोठी ताडपत्री मागितली.

आता नीट वाच. तुझ्या बॅटऱ्या ताडपत्रीखाली मेल्या. मला खरंच वाटत होतं की पॅनेलला ऊब लागते, आणि आत तर भट्टी होती. म्हणून तक्रार केली. तू लिहिलंस की उजेड लागतो, त्याच क्षणी मला सगळं कळलं. मग पुलावरून दिसत नाही त्या बाजूने ताडपत्रीचं एक टोक वर केलं. तेवढ्या फटीतून जे येतं त्यावर दिवस काढते आहे. बाकी दोन पॅनेलना आडवी सावली, मग काय होतं ते तूच मला शिकवलंस.

आणि झाकण. झाकण मी तुझं पत्र आलं त्याच दिवशी उघडलं होतं. चष्मा लावून, आणि कँटीनवालीचा टॉर्च हातात धरून. बाराच्या बारा रेघा सरळ होत्या, खटक्या. एकही तुटलेली नव्हती. मी दोनदा मोजल्या. तुला ते लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस की मग वीज जाते कुठे, आणि त्याचं उत्तर ताडपत्री होतं. इंजिनाकडून बॅटऱ्या भरल्या नाहीत, कारण इथे आल्यापासून इंजिन चालूच झालं नाही. तुझी तार धड आहे.

तू मला दयाळू समजलास, त्याने मला सगळ्यात जास्त लाज वाटली. 'तू मला सांभाळून घेते आहेस' असं तू लिहिलंस आणि मी ते वाचून गप्प बसले. तुझ्या हातावरून तुझा विश्वास उडत होता आणि मी पाठ्यपुस्तकातून तळी उतरवत होते. सातवीचं पुस्तक, धडा चौथा, चित्रासकट. बशीतून उडणारा चहा तेवढा माझा. पुढचं आणखी वाईट. तू रखवालदाराचं लिहिलंस, तेव्हा तरी खरं सांगायचं, तर मी ढग आणले. तू रेघा आधी मारल्यास. मी प्रवास आधी लिहिला. आपण एकाच आईची मुलं.

आज दहा वाजता मी आणि कँटीनवालीने ताडपत्री काढली. सगळे ड्रायव्हर बघत होते. दुपारी बाराला डबीवर १४.४ होतं. सतत बघत बसले, मला वाटलं खाली येईल. आलं नाही. फ्रिज लावला. त्याचा आवाज ऐकून मी पलंगावर बसून रडले.

गुरुवारी सकाळी बस पुलावर आली की डावीकडे बघ. आपलं काम ओळखलंस तर तो अर्ज फाड. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, नुसती पॅनेल बघ.

ताई


२१ मार्च

ताई,

बघितली.

पुढच्या थांब्यावर उतरलो आणि पुलावरून मागे चालत आलो. कठड्याला धरून उभा राहिलो. तीन पॅनेल. मधलं एक बोटभर डावीकडे सरकलेलं आहे, ते मला लावतानाच खटकलं होतं. तू दारात उभी होतीस, वर बघत. तू हात हलवला नाहीस, मीही हलवला नाही. खाली आलो असतो तर तुला काहीतरी बोलून बसलो असतो आणि मग जन्मभर त्याचं वाईट वाटलं असतं. म्हणून तिथूनच कामावर गेलो.

राग आहे. लपवत नाही. दीड महिना मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या, त्या तुझ्या ताडपत्रीवर टाकल्या असत्या तर ती फाटली असती. आणि त्या गाडीच्या मालकाला रोज बसमधून हसत होतो, तेही आठवून कान गरम होतात.

अर्ज फाडला. पण साहेबांना नुसतं हो म्हणवेना. तू एवढं सगळं लिहिलंस, अगदी कपड्यांपर्यंत, आणि मी चाळीस रेघांवर पाय ठेवून परत फिटिंगवर जायचं? दार लावून घेतलं आणि सांगितलं त्यांना. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, चौकशीत हे सांगितलं असतंस तर तुला काढून टाकावं लागलं असतं. आता काय करायचं ते वर विचारून ठरवतो. दुपारी त्यांनी निकाल दिला. एक एप्रिलपासून फिटिंगवर यायचं, पण वर्षभर रेघ मी मारायची नाही. मी आवळायचं, दुसऱ्याने तपासायचं आणि त्याने रेघ मारायची. तीस वर्षांच्या नोकरीनंतर शिकाऊ माणसासारखं. मी हो म्हटलं.

संध्याकाळी रखवालदाराच्या घरी गेलो. त्याने आत बोलावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'आता जा.' एवढंच. मी आलो. मला वाटलं होतं सांगितलं की हलकं वाटेल. वाटलं नाही. पण आता तो खिडकीशी आला तर मी वहीत बघणार नाही.

हिला तुझं पत्र दाखवलं. कपड्यांची ओळ बोटाने झाकून दाखवलं. ती म्हणाली, 'मी निरोपाच्या दिवशी रडले ते ताई जातात म्हणून नव्हे. त्यांनी आमच्या फाटकातून गाडी कशी मागे घेतली, ते मी बघितलं होतं.' रविवारी दहाला आम्ही दोघं तळावर येतो. मी मीटर घेऊन येतो. ती तुला मागे घ्यायला शिकवेल. 'येऊ द्या' मी म्हणेन.

त्या दिवशी तू तिला जे बोललीस, त्याची माफी मात्र तुलाच मागावी लागेल. ते मी करणार नाही.

खटक्या


१७ एप्रिल
ट्रक-तळ

प्रिय खटक्या,

चार रविवार झाले. तुझ्या बायकोची माफी मी पहिल्याच रविवारी मागितली, तू मीटर लावत होतास तेव्हा. ती म्हणाली, 'आरशात बघा, ताई, माझ्याकडे नको.' बाई कडक आहे. तिच्या बसमधली पोरं सरळ का बसतात ते आता कळलं. आज सकाळी मी एकटीने कँटीनला वळसा घातला, तीन ड्रमांच्या मधून गाडी मागे घेतली आणि होती तिथे आणून लावली. एक ड्रम लागला. आधी तिन्ही लागायचे.

त्या खांबासाठी पंपवाल्याकडेही जाऊन आले. तो म्हणाला, आम्ही तुम्हाला शोधत होतो. मी म्हटलं, मी पुलाखालीच होते.

या रविवारी तू बाराही स्क्रू परत खोलून आवळलेस आणि मला नेलपॉलिशची बाटली दिलीस, तेव्हा पहिली रेघ मी दोनदा पुसून मारली. तू डबीवर टॉर्च धरलास. माझ्या रेघा तुझ्यासारख्या नाहीत. नववी तर पार पट्टीच्या बाहेर गेली आहे. तरी बाराही स्क्रू आवळल्यानंतरच मारल्या, त्याला मी साक्षीदार आहे.

उद्या गुरुवार. बस पुलावर आली की डावीकडे बघ. ताडपत्री घडी घालून कँटीनवालीच्या बाकावर ठेवलेली असेल. मी निघणार आहे असं लिहीत नाही. या वेळी आधी काहीच लिहायचं नाही असं ठरवलं आहे. गाडी जागेवर दिसली, तर पुढच्या थांब्यावर उतर, सरळ खाली ये आणि मला कान धरून घरी ने. मी येईन, तिच्या हातचा चहाही पिईन. आणि दिसली नाही, तर उतरू नकोस. कामावर जा.

तुझी,
ताई